वाचकांचे प्रश्न : जपानी गाणं, सांगलीचा माईक

प्रश्न : आमचा ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका बघणाऱ्या मुलामुलींचा ग्रुप आहे. सांगलीत एक दिवसाचा मेळावा घेतोय. कॉस्प्ले (मालिकेतल्या पात्रांचे वेश), चित्रांचं प्रदर्शन आणि कराओके, म्हणजे नुसत्या साथीच्या ट्रॅकवर आपण गायचं, असं ठरलंय. कराओकेचं काम माझ्याकडे आलंय. हॉल लहान आहे, मुलं लाजरी आहेत आणि जपानी कुणालाच येत नाही. स्पर्धा ठेवली तर मुलं पुढे येतील का?
– अकरावीतली विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : स्पर्धा अजिबात ठेवू नकोस. परीक्षक बसवलेस की चार तयार गळे गातील आणि बाकीचा हॉल टाळ्यांपुरता उरेल. कराओके मुळात न गाणाऱ्यांसाठी जन्माला आलं. कोबे शहरातले दाइसुके इनोउए बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं. इनोउए यांना सोबत जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली त्यांचं यंत्र आलं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. ही गोष्ट मी आमच्या कराओके क्लबमधल्या निवृत्त मंडळींनाही सांगतो, कारण तिथेही कुणीतरी मार्क द्यायला बसतंच.

तुझ्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ॲनिमेचं सुरुवातीचं किंवा शेवटचं गाणं टीव्हीवर साधारण दीड मिनिटाचं असतं. मेळाव्यात तेवढंच घे. माईक हातात देण्या-घेण्याचा वेळ धरूनही तासाला वीसएक जण गातात. पूर्ण चार मिनिटांचं गाणं लावलंस तर डझनभरसुद्धा होत नाहीत आणि दुसऱ्या कडव्याला गाणाऱ्यासकट सगळे चाचपडतात, कारण ते कडवं टीव्हीवर कुणी ऐकलेलंच नसतं.

दाराशी चिठ्ठ्या ठेव. नाव, गाणं, मालिका. आलेल्या क्रमानं पुकार. सगळ्यांची एकेक पाळी झाल्याशिवाय दुसरी नाही, वन्समोअर तर नाहीच. आपल्या सांगलीला नाटकाच्या पदांना वन्समोअर द्यायची जुनी सवय आहे, म्हणून हे माईकवरून आधीच जाहीर कर. पहिलं गाणं एकट्यादुकट्याला देऊ नकोस. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं घे, पाच-सहा जणांना एकदम उभं कर. लाजरी मुलं घोळक्यात गातात, आणि एकदा स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकला की त्यातलीच दोघं-तिघं चिठ्ठी टाकायला येतात.

आता शब्द. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी पडद्यावर रोमन अक्षरं असतात. तुम्ही देवनागरी लावा. जपानीत स्वर पाचच, आ इ उ ए ओ, आणि त्यांच्या अक्षरांचा तक्ता का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा चालतो. हा क्रम बौद्ध पंडितांच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. आपल्या वर्णमालेशी त्याचं नातं असल्यामुळे देवनागरीत जपानी चांगलं बसतं. रोमनमध्ये टी-एस-यू दिसलं की मुलगा अडखळतो, ‘त्सु’ लिहिलं की सरळ म्हणतो. त्यांचा ‘र’ जिभेचा हलका टोला देऊन येतो, म्हणजे आपला ‘र’ चालतो, इंग्रजीतला नको. दोन गोष्टी मात्र लिहिताना सांभाळ. तालाच्या हिशेबात लांब ‘ओ’ दोन मात्रांचा, आणि शब्दाच्या शेवटचा ‘न्’ हा स्वतःची एक मात्रा घेतो. ‘सेन’ असं एका झटक्यात म्हटलं की गाणारा तालाच्या पुढे पळतो. ‘से-न्’ असं तोडून लिही. बोलताना गिळला जाणारा ‘उ’ गाण्यात पुष्कळदा पूर्ण म्हणतात, तेव्हा मूळ गाणं ऐकूनच काय ते ठरव.

पडद्यावर गाण्याबरोबर एकेक अक्षर रंगवत नेणारी ओळ हवी असेल तर एजीसब नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक अक्षराला वेळ देता येतो. ग्रुपमधल्या चिकाटीच्या पोराला हे काम दे.

ट्रॅकसाठी आधी मूळ सिंगल, म्हणजे त्या एका गाण्यासाठी निघालेली सीडी, बघ. जपानी सिंगलमध्ये पुष्कळदा त्याच गाण्याचा गाणाऱ्याच्या आवाजाशिवायचा ट्रॅकही असतो. सॉफ्टवेअरनं आवाज काढलेल्या ट्रॅकमध्ये मूळ गायिकेची सावली राहते आणि नवखा गाणारा तिच्यामागे फरफटतो. पट्टी प्रत्येकाची वेगळी. ही गाणी फार उंच बांधलेली असतात, म्हणून दोन-तीन सूर खाली करून ठेवलेले ट्रॅक तयार असू देत.

ब्लूटूथ स्पीकर आणू नका. आवाज किंचित उशिरा येतो, गाणारा स्वतःला ऐकून थांबतो, पुन्हा उशीर होतो, असं गाणं पार मागे पडतं. वायर लावा. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माईक घेऊन कुणी स्पीकरसमोर गेलं की स्पीकर शिट्टी मारणारच, म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची रेघ ओढा. एक पडदा गाणाऱ्याकडे आणि दुसरा हॉलकडे, दोन्हीवर शब्द. हॉलला शब्द दिसले की हॉल गातो, आणि मेळाव्याचं कराओके जमतं ते तिथेच.

प्रश्न : माझी मुलगी शास्त्रीय शिकते, पण दिवसभर जपानी गाणी म्हणते. अर्थ कळत नाही, भाषा येत नाही. गळा बिघडेल का? हे थांबवावं का?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, थांबवू नका. तुमच्या जवळच मिरज आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले. त्यांनी कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या तेलुगू कृती, म्हणजे रचना, गायल्या, त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. ज्या भाषेत आपण बोलत नाही त्या भाषेचे उच्चार कानानं पकडून सुरात ठेवणं ही मोठी कानाची तालीम आहे. तुमची मुलगी तीच करतेय. अर्थ तिला शोधू द्या, त्या निमित्तानं भाषाही येईल.

गळ्याची काळजी मात्र खरी. मूळ गायिकेच्या पट्टीत ताणून ओरडणं नको. मोबाईलवर ट्रॅक खाली करता येतो, तो तिच्या रियाजाच्या पट्टीजवळ आणा. घसा खवखवला की त्या दिवशी बंद.

आणि तुम्ही नव्वदच्या दशकात लहान असाल तर ॲनिमेचं गाणं तुम्हीही गायलेलं आहे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं ‘द जंगल बुक’ हे जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ साली केलेलं ॲनिमे. त्याचं हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. वरच्या प्रश्नातल्या मेळाव्याला मुलीबरोबर जा आणि तुम्ही ते म्हणा. त्या प्रश्नातल्या मुलीलाही सांगतो, आईबाबांसाठी शेवटचा अर्धा तास राख.

प्रश्न : आमच्या कॅफेत तिकीट लावून असं कराओके घ्यायचंय. परवानगी लागते का?
– एक व्यावसायिक, विश्रामबाग

उत्तर : तिकीट लावताय, तर आधी आयपीआरएस आणि पीपीएल या दोन्हीकडे विचारा. पहिली संस्था शब्द-चालीच्या हक्कांचं बघते, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांनी विनातिकीट केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे, पण ती गीत-संगीताला. वाजवला जाणारा ट्रॅक हा वेगळा हक्क आहे आणि कॅफे हा धंदा आहे, तेव्हा ती सवलत तुमच्या कामाची नाही. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाच्या आत आवरा.