रक्तवाहिन्या ‘फुटणे’ आणि ‘बहुशर्करा’

प्रश्न : ‘वनस्पतींमधील बहुशर्करा अर्बुदात रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत’ असे वाक्य वाचले. म्हणजे रक्तस्राव थांबतो का? आणि शर्करेने गाठ पोसली जाईल की रोखली जाईल?

उत्तर : रक्तस्रावाचा इथे संबंध नाही. घोळ ‘फुटणे’ या क्रियापदाचा आहे. काच फुटते तेव्हा काचच मोडते. फांदीला कोंब फुटतो तेव्हा फांदी शाबूत राहते आणि तिच्यातून नवे काही बाहेर पडते. हा फरक ‘ला’ प्रत्यय दाखवतो आणि तुमच्या वाक्यात नेमका तोच गळला आहे. ‘रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटू देत नाहीत’ असे लिहिले असते तर शंका उरली नसती.

प्रत्यक्षात घडतेही तसेच. अर्बुद म्हणजे गाठ. एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायला तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हा विचार अमेरिकी शल्यविशारद जूडा फोकमन यांनी 1971 मध्ये ठामपणे मांडला. गाठीतल्या पेशी व्हीईजीएफसारखी प्रथिने सोडतात. त्यांच्या रोखाने जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी सरकतात, विभागतात आणि नवा फाटा तयार होतो. याला ‘रक्तवाहिनीजनन’ म्हणावे. ते रोखणाऱ्या पदार्थासाठी ‘रक्तवाहिनीरोधक’ हा शब्द मात्र टाळाच. त्यातून वाहिनी तुंबल्याचा भास होतो.

‘बहुशर्करा’ म्हणजे पुष्कळ साखर नव्हे. शर्करेच्या असंख्य एककांची ती लांब साखळी असते. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे बहुशर्कराच. गोडीचा मागमूस नाही. स्टार्च पचून त्याचे ग्लुकोज होते, पण सेल्युलोज आणि फळांतले पेक्टिन या बहुशर्करा आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत.

लिंबूवर्गीय फळांतले पेक्टिन प्रक्रियेने आखूड केले की त्यातले गॅलॅक्टोज या शर्करेचे भाग गॅलेक्टिन-3 या प्रथिनाला चिकटू शकतात. हे प्रथिन नव्या वाहिन्या घडवण्यात हातभार लावते. ते अडकून पडले की ते काम मंदावते. उंदरांवरच्या प्रयोगात असे पेक्टिन पोटात दिल्यावर गाठींची वाढ आणि त्यांतले रक्तवाहिनीजनन कमी झाल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून ‘देत नाहीत’ हा ठाम शब्दप्रयोग मला गैर वाटतो. उंदरांवरच्या निष्कर्षाला ‘रोखू शकतील’ एवढेच क्रियापद पेलते. आजारी माणूस असली वाक्ये आशेने वाचतो, तिथे क्रियापदाचा अर्थ जपलाच पाहिजे. अळिंबीतल्या बहुशर्कराही पुष्कळदा अशा वनस्पतिज बहुशर्करांच्या यादीत घालतात, पण अळिंबी ही बुरशी आहे; तिला ‘वनस्पतिज’ म्हणू नये.