झिरोवाली बाटली पिऊनही वजन काहून वाढलं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं बसस्टँडजवळ किराण्याचं अन् चहा-नाश्त्याचं दुकान हाये, मी दिवसभर तिथंच बसते. मागच्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा आला होता, तो म्हणे मामी थंडच प्यायचं असन तं झिरोवालं पी, त्यात साखर नसते, वजन वाढत नाई. तवापासून रोज दुपारी एक छोटी बाटली पिते. पयले मी मठ्ठा प्यायची नाईतर माठातलं पाणी, कोल्ड्रिंक म्हणजे लगनात भेटलं तं. पण वजन कमी व्हायचं सोडून वाढूनच रायलं, वर्षात ६६ चं ७० झालं. बचतगटातल्या बाया म्हणतात ते डाएटवालं पिऊनच माणूस फुगते, त्यानं क्यान्सरबी होते म्हणतात, मोबाईलवरबी तसंच आलं होतं. खरं काय ते सांगा. माही पोरगी नववीत हाये, तीबी माह्या बाटलीतलं पिते.
— एक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला मठ्ठ्याचं वाटलं, त्याच्याकडं येतेच, पण आधी बाटलीचं सांगते.

त्या बाटलीनं थेट चरबी चढत नाही. दुकानातलीच एक बाटली हातात घ्या अन् मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचा. कॅलरी शून्य किंवा शून्याच्या जवळ, साखर शून्य, अन् खाली घटकांमधे ९५१, ९५०, ९५५ असे काही आकडे दिसतील. ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५० म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, ९५५ म्हणजे सुक्रलोज. अस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रलोज ६०० पट, त्यामुळे अगदी कणभर पुरतं अन् कॅलरी जवळपास नसतातच. आता शेजारची साधी काळी बाटली घ्या. तिच्यात १०० मिलीमागं १०-११ ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच चमचे तरी झाली, शंभरच्या वर कॅलरी. जो माणूस रोज ही साखरवाली पितो त्यानं ती सोडून झिरो धरली तर तेवढ्या कॅलरी रोज वाचतात, अन् हे नुसतं कागदावर नाही, करून बघितलेलं आहे. नेदरलँडमधे शाळेतल्या ६४१ मुलांना, जी आधीपासून गोड पेयं पिणारीच होती, दीड वर्ष रोज २५० मिलीचा एक डबा दिला, काहींना साखरेचा अन् काहींना बिनसाखरेचा, कोणाला कोणता ते मुलांनाही माहीत नाही अन् देणाऱ्यालाही नाही. वाढीचं वय, त्यामुळे वजन सगळ्यांचंच वाढणार होतं, पण साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलोनं वाढलं अन् बिनसाखरवाल्यांचं ६.३५ किलोनं. २०१२ साली हा अभ्यास छापून आला अन् मला तो आजही या विषयातला सगळ्यात स्वच्छ अभ्यास वाटतो.

पण तुम्ही साखरवालं सोडलंच कुठं? तुम्ही तर ते पीतच नव्हत्या. तुम्ही सोडला मठ्ठा अन् माठाचं पाणी. पाण्यात कॅलरी नाहीत, पातळ मठ्ठ्यात थोड्याशा, म्हणजे झिरोची बाटली आल्यानं तुमच्या दिवसभराच्या खाण्यातून कमी काहीच झालं नाही. भाच्यानं सांगितलं ते रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्यासाठी बरोबर होतं, तुम्हाला ते लागूच नव्हतं.

मग चार किलो आले कुठून? हा हिशोब मांडून बघा, मला तो फार कामाचा वाटतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. चार किलो म्हणजे तीस हजारावर गेलं, ते वर्षाच्या दिवसांनी भागा, रोजच्या ८०-८५ कॅलरी येतात. बस एवढंच! अर्धा आलुबोंडा म्हणा, किंवा दोन कप चहातली दोन-दोन चमचे साखर. इतकं थोडं जास्तीचं रोज पोटात गेलं की माणसाला पत्ताही लागत नाही अन् वर्षानं ब्लाउज घट्ट होतो. बाटलीसोबत तुम्ही काय खाता ते पत्रात नाही, पण दुकानात समोर आलुबोंड्याचं परात अन् चिवड्याच्या बरण्या असताना गोड गार बाटली कोरडीच पोटात जात असेल असं वाटत नाही. मठ्ठा तुम्ही जेवणाबरोबर घेत असाल, त्यानं पोट भरतं, ही बाटली मधल्या वेळची. अन् एक गोष्ट मी खूप जणींमधे बघते, झिरो घेतलं की मनाला वाटतं आपण आज परहेज पाळलं, मग संध्याकाळी एक पातोडी जास्त घेतली तरी काय होते. ही सूट जी आपण स्वतःला देतो ना, डाएट पेयाचं खरं नुकसान बहुतेक वेळा तिथं असतं.

चहाही मोजा. चहाचं दुकान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर अर्धा कप अर्धा कप चालूच असणार. दिवसाचे चार कप अन् कपाला दोन चमचे धरले तर आठ चमचे साखर, ४० ग्रॅम, १६० कॅलरी, अन् दूध वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर बरं, तुमची ती दुपारच्या आधीच संपत असेल. तेलाचंही तसंच, एका लिटर तेलात ८,००० च्या वर कॅलरी असतात, तर महिन्याला घरी किती पाकिटं फुटतात अन् खाणारी तोंडं किती ते एकदा बघाच.

आता बचतगटातल्या बायांचं. त्या अगदीच हवेत बोलत नाहीयेत. हजारो लोकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवणारे जे अभ्यास आहेत, अमेरिकेत सॅन अँटोनियो शहरातला एक जुना प्रसिद्ध आहे, त्यात डाएट पेयं जास्त पिणाऱ्यांचं वजन पुढं जास्त वाढलेलं दिसलं. पण डाएटची बाटली घेतो कोण? ज्याचं वजन आधीच वाढायला लागलंय तोच. ज्या वावरात बोंडअळी जास्त तिथंच फवारणी जास्त होते, म्हणून फवाऱ्यानं अळी आली असं आपण म्हणत नाही. अशा अभ्यासातून कोणामुळं कोण ते सांगता येत नाही. उलट मुद्दाम दोन गट करून केलेला अमेरिकेतलाच एक प्रयोग आहे, ३०३ माणसं, सगळे वजन कमी करायच्या कार्यक्रमातले अन् आधीपासून डाएट पेयं पिणारे, एका गटाला ती चालू ठेवू दिली अन् दुसऱ्याला त्याऐवजी पाणी प्यायला सांगितलं. वर्षानं डाएटवाल्यांचं सरासरी ६.२१ किलो उतरलं अन् पाणीवाल्यांचं २.४५. ऐकायला फार भारी वाटते, पण त्या प्रयोगाला पैसा शीतपेय कंपन्यांच्या संघटनेचा होता, तेव्हा मी एकट्या त्याच्यावर विसंबून कोणाला सल्ला देणार नाही. मे २०२३ मधे जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं जमा करून सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या बिनसाखरेच्या गोड पदार्थांवर भिस्त ठेवू नका, लांबच्या पल्ल्यात चरबी कमी होत असल्याचं दिसत नाही. लक्षात घ्या, "यानं वजन वाढतंच" असं त्यांनी म्हटलेलं नाही.

आतड्यातल्या जंतूंचाही विषय आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०२२ मधे १२० निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात सॅकरिन (हेही असंच एक बिनसाखरेचं गोड) अन् सुक्रलोज दोन आठवडे घेतल्यावर काहींच्या शरीराची साखर सांभाळायची पद्धत बिघडलेली दिसली, अस्पार्टेमनं तसं ठळक दिसलं नाही. यावरून चार किलोचा दोष बाटलीवर टाकता येणार नाही, पण रोज नियमानं पिऊ नये एवढं मी नक्की म्हणेन. क्यान्सरचं म्हणाल तर जुलै २०२३ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटांनी अस्पार्टेमला "कदाचित क्यान्सर करणारे" च्या यादीत टाकलं, पुरावा तोकडा आहे असंही तिथंच सांगितलं, अन् दिवसाची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या किलोमागं ४० मिलीग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डबे प्यावे लागतील, तेव्हा एका बाटलीपायी झोप उडवू नका.

पोरीला मात्र देऊ नका. बाटलीवर बारीक अक्षरात मुलांसाठी नाही असं लिहिलेलं सापडेल तुम्हाला. साखर नसली तरी आंबटपणा तोच असतो, घटकांमधे ३३८ दिसेल ते फॉस्फोरिक अॅसिड, त्यानं दातावरचं कवच झिजतं. काळ्या कोल्ड्रिंकमधे कॅफिनही असतं, म्हणजे रात्री झोप लागत नाही अन् सकाळी शाळेला उठवत नाही. अन् या वयात अतिगोडाची सवय जिभेला लागली की मग साधं लिंबूपाणी फिकं लागतं.

तर ताई, बाटली बंद करून मठ्ठा परत चालू करा, थोडं जिरं, मीठ बेतानं. चहाची साखर एकदम सोडू नका, टिकत नाही, आधी दोनचा दीड चमचा करा, पंधरा दिवसांनी एक. दुकानात आलुबोंडा खायचाच असेल तर जेवणाच्या जागी खा, जेवणावर नको. वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा सकाळी, त्याच काट्यावर. टेप घेऊन बेंबीजवळ कंबरही मोजा, आपल्याकडच्या बायांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं असतं. अन् थकवा, केस गळणं, पाळी मागंपुढं होणं असं काही सोबत असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घ्या, वर्षात चार किलो हे त्यानंही होऊ शकतं अन् मग नुसत्या साखरेच्या हिशोबानं भागणार नाही.

प्रश्न : माझ्या बाबांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. लग्नकार्यात सगळे कोल्ड्रिंक पितात तेव्हा त्यांना वाईट वाटतं. त्यांना डाएटवालं दिलं तर चालेल का?
— अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : दादा, कधीमधी एखादा ग्लास चालेल. त्यानं साध्या कोल्ड्रिंकसारखी रक्तातली साखर उसळत नाही, अन् वर लिहिलेला २०२३ चा सल्लाही ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना धरून दिलेला नाही. फक्त डाएट प्यायलं म्हणून पंगतीत बुंदी दोनदा वाढून घ्यायची नाही, हे बाबांना प्रेमानं सांगा.

पण यापेक्षा फार मोठी गोष्ट सांगायची आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी कधी एकदम खाली येते, इन्सुलिन घेतलं अन् लग्नघरी जेवायला चार वाजले की हमखास. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, भलतंच बोलायला लागतो. अशा वेळी घाईत कोणी हाती लागेल ती काळी बाटली तोंडाला लावतं, अन् ती झिरोवाली असली तर तिचा काडीचाही उपयोग होत नाही! तेव्हा खरी साखरच लागते, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, नाहीतर साखरवालं कोल्ड्रिंक दीडशे मिली. पंधरा मिनिटांनी मशीनवर साखर बघा, ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच द्या, अन् बरं वाटलं की जेवण द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट १०८ ला फोन. बाबांच्या खिशात साखरेची पुडी कायम असू द्या अन् घरातल्या सगळ्यांना, सुनेला नातवालासुद्धा, दोन बाटल्यांमधला फरक दाखवून ठेवा.

प्रश्न : मी ट्रॅक्टरवर असतो. नवतपात लय पाणी पिऊनबी गळल्यासारखं होते. मित्र म्हणते झिरो कोल्ड्रिंक पी, साखरबी नाई अन् ताकदबी येते.
— ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, ताकद कशानं येईल, त्यात साखर नाही अन् घामातून गेलेलं मीठ भरून निघेल एवढं मीठही नाही. कॅफिननं घटकाभर तरतरी वाटते तेवढीच. तुम्हाला गळल्यासारखं होतं कारण नुसत्या पाण्यानं मीठ परत येत नाही. आशाताईकडं किंवा आरोग्य केंद्रात ओआरएसचं पाकीट मिळतं, अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमधे अख्खं टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं, मीठ घातलेला मठ्ठाही चांगला. वजनाची काळजी असली तरी भर उन्हात राबताना ही साखर टाळू नका, ती मिठाला अन् पाण्याला आतड्यातून आत घ्यायला मदत करते. अकरा ते चार ट्रॅक्टर सावलीत लावता आला तर लावाच. अन् सोबतच्या कोणाचं अंग तापून बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं तर त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला अन् लगेच दवाखान्यात न्या.