चाकापूर्वीची इजिप्शियन भांडी

प्रश्न : आमच्या गावच्या कुंभारांकडे आता विजेचे चाक आले आहे. प्राचीन इजिप्तमध्ये चाक आल्यावर भांडी कशी बदलली? तसेच नागपूरजवळच्या माहुरझरीच्या उत्खननात सापडली तशी काळी-तांबडी भांडी तिकडेही होत असत, हे खरे आहे काय?
– एक वाचक, हिंगणा तालुका, जि. नागपूर

उत्तर : होय, खरे आहे, मात्र इजिप्तमधील अशी भांडी माहुरझरीच्या भांड्यांहून सुमारे तीन हजार वर्षांनी जुनी आहेत. लोहयुक्त माती मोकळ्या हवेत भाजली की तांबडी होते, आणि भांड्याचे तोंड कुटारासारख्या भुश्यात दाबून हवा तोडली की धुरातील कार्बन मातीत शिरून तेवढा भाग काळा पडतो. हे कोठेही घडू शकते, म्हणून एवढ्यावरून दोन प्रदेशांचा संबंध जोडू नये.

इ.स.पू. ४४०० च्या सुमारास इजिप्तमधील बदारी येथील लोक नाईल नदीच्या गाळाची भांडी केवळ हाताने घडवीत. ती इतकी पातळ असत आणि त्यांच्यावरील बारीक लहरी इतक्या निगुतीने घोटलेल्या असत, की माझ्या मते नंतरच्या इजिप्शियन कुंभारांना ती सर पुन्हा साधली नाही. पुढे नकादा काळात, म्हणजे राजसत्ता स्थिरावण्याआधीच्या काळात, चुनखडीयुक्त माती वापरात आली. ती भाजल्यावर फिकट होत असल्याने तिच्यावर तांबूस-तपकिरी रंगाने नावा आणि माणसे रंगवता येऊ लागली. त्या काळच्या रांजणांच्या लाटदार मुठी हळूहळू आक्रसून शेवटी नुसती रेघ उरली, आणि अशा बदलांवरूनच इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९९ मध्ये लेखी पुरावा नसलेल्या थडग्यांचा क्रम लावून दाखवला.

राजसत्ता स्थिरावल्यावर श्रीमंतांची हौस दगडाच्या आणि धातूच्या भांड्यांकडे वळली व मातीची भांडी मुख्यतः रोजच्या कामाची झाली. चाक आले ते यानंतर. इ.स.पू. २४०० च्या सुमारास सक्कारा या दफनभूमीतील ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात चाकावर काम करणारा कुंभार कोरलेला दिसतो. ते चाक हातानेच फिरवीत. पायाने फिरवायचे चाक इराणी अमलाच्या सुमारास, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांनी आले. चाकामुळे वेग आणि सारखेपणा मिळाला, तरी पाव भाजण्याचे जाड साचे हातानेच घडत राहिले, कारण त्यांना सुबकपणाची गरजच नव्हती.

रंगकामाला पुन्हा बहर आला तो इ.स.पू. चौदाव्या शतकात, राजा तिसऱ्या आमेनहोतेपच्या राजवाड्यातील निळ्या चित्रांच्या घटांवर. त्यांचा निळा रंग पश्चिम वाळवंटातील मरुद्यानांच्या कोबाल्टपासून बनवीत, इ.स.पू. बाराव्या शतकानंतर मात्र ही परंपरा लोपली.