बाहेर उणे पाच, घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर काल रात्रीपासून सुरूच होत नाही. इंजिनिअर परवा येणार, तोवर काय करू?

आधी ते रीसेटचं बटण सोडा. आमच्याकडे नवऱ्याने ते एका सकाळीत वीसेक वेळा तरी दाबलं असेल, आणि तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

तुम्हीच लिहिलंय की प्रेशरचा काटा सव्वावर आहे, डिस्प्ले लागतोय आणि आतून हुक्का ओढल्यासारखी गुडगुड ऐकू येते. अहो, त्या गुडगुडीतच सगळं आलं.

१ मार्च २०१८. इथल्या पेपरवाल्यांनी जिला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' नाव दिलं ती थंडी, आम्ही इंग्लंडात रेडिंगमध्ये, आणि त्याच दिवशी होळी. मी पुरणाची डाळ शिजत घातलेली. घर इतकं गार की मळलेली कणीक दगडासारखी झाली होती. नवरा म्हणाला, "गॅसच येत नसणार." म्हटलं, मग ही डाळ कशावर शिजतेय, तुझ्या डिग्रीवर? त्यावर तो म्हणाला, मग पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड गेला, चार-पाचशे पौंडांना खड्डा. हात लावू नकोस.

मी कान लावला. मिरजेला आमची मोरी तुंबली की पाणी उतरताना अगदी असाच आवाज यायचा. म्हणजे कुठेतरी पाणी अडलंय.

आणि अडलंच होतं. २००५ पासून इथे नवे बॉयलर जवळपास सगळे कंडेन्सिंगच बसवतात. जळलेल्या वायूतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, ते एका प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर गटारात जातं. बसवणाऱ्याने तो पाइप घराबाहेरून, तोही अंगठ्याएवढ्या जाडीचा नेला असेल, तर कडाक्याच्या थंडीत आत बर्फ धरतो. पाणी उलटं चढतं आणि बॉयलर स्वतःच बंद पडतो. त्यात बिघाड काहीच नसतो.

आमचा पाइप स्वयंपाकघराच्या मागे, उत्तरेच्या भिंतीवर, चांगला चार मीटर. कोपर जिथे वळतं तिथे बाळंतपणातली शेकायची रबरी पिशवी जुन्या ओढणीने बांधली आणि वरून तांब्याने गरम पाणी सोडत राहिले. नवरा खिडकीतून वॉरंटी, वॉरंटी करत होता. अर्ध्या तासाने खालच्या टोकातून करंगळीएवढी बर्फाची कांडी जाळीवर पडली, मागून भसकन पाणी. आत येऊन रीसेट एकदाच दाबलं. टिक टिक टिक, भप्प! पेटला.

आणि हा माणूस त्या रात्री माझ्या दिरांना फोनवर काय सांगतो? "जरा ऊन पडलं, आपोआप सुरू झाला." ऊन? दुपारी बर्फ भुरभुरत होतं! आजही पाहुण्यांसमोर तो हेच सांगतो. बरं, पुढच्याच शनिवारी फोमचं वेष्टण आणून त्या पाइपाला गुंडाळणाराही तोच. उन्हाने सुरू होणाऱ्या बॉयलरला गोधडी कशाला, देव जाणे.

तेव्हा परवापर्यंत कुडकुडत बसू नका. शिकलेल्यांचं ऐकत बसलं की पोरं गारठतात.

हां, पण उकळतं पाणी ओतू नका, पाइप तडकतो. आणि खाली सांडलेल्याचा बर्फ होतो, मी त्यावरून आपटले होते, त्यावर मीठ टाका. पाइप उंचावर असेल तर शिडीबिडी चढायच्या भानगडीत पडू नका. बॉयलरचं झाकण मात्र कोणीही उघडायचं नाही, माझ्यासारखीनेही नाही. ते काम 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्याचंच. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरला फोन करा. काटा एकच्या खाली असता तर गोष्ट वेगळी होती, पण तुमचा ठीक आहे. घर भाड्याचं आहे म्हणताय, तर इंजिनिअरचे पैसे तुम्ही कशाला देताय? इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे आहे. त्याला आजच लेखी कळवा.

सुरू झाला की इथे सांगा. आणि तेव्हा बाहेर ऊन होतं का, तेही लिहा.