बॅगेतली फाईल वेगळी, घरातली वेगळी

वह्या, कागद आणि फायलींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात मी उत्तरं देते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या जवळ आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळा-कॉलेजं सुरू झाली की रोज जे प्रश्न काउंटरवर येतात, तेच या महिन्यात पत्रांतूनही आले आहेत.

प्रश्न : काकू, मी मूळची देवरुखची. बी.कॉम. करून यंदा पुण्यात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, तिघींत मिळून एक कपाट आहे. विषय चार. प्रत्येक तासाला काही ना काही झेरॉक्स हातात पडतं : कधी जजमेंट, कधी स्लाइड्सचे प्रिंट, कधी जुन्या प्रश्नपत्रिका. सुरुवातीला पाच विषयांची जाडजूड स्पायरल वही घेतली होती. त्यातला करार कायद्याचा भाग भरून गेला, दोन भाग अजून कोरे आहेत आणि सगळी झेरॉक्स त्याच वहीत कोंबली आहेत. सीनियरने तिच्या नोट्सचा गठ्ठाही दिलाय. एक मैत्रीण म्हणते रिंग बाइंडर घे, दुसरी म्हणते सरळ टॅब घे. पाचशे रुपयांत नेमकं काय घेऊ?

उत्तर : दुकानात जाण्याआधी एक काम कर. येत्या रविवारी त्या वहीतले सगळे सुटे कागद कॉटवर काढ आणि विषयाप्रमाणे नाही, मापाप्रमाणे लाव. ए-फोर एकीकडे, फुलस्केप दुसरीकडे. ए-फोर २९.७ सेंटिमीटर उंच असतो, फुलस्केप जवळपास ३४. म्हणजे ए-फोरच्या फायलीत फुलस्केप कागद दोन बोटं बाहेर डोकावतो, त्याचे कोपरे आठवडाभरात दुमडतात आणि नेमकी वरची ओळ, जिथे खटल्याचं नाव असतं, तीच फाटते. ट्युटोरियल फुलस्केपवर लिहून द्यावी लागत असतील किंवा जुन्या प्रश्नपत्रिका त्या मापात असतील, तर फाईल फुलस्केपचीच घे. एकही फुलस्केप निघाला नाही, तर दुकानदाराला स्पष्ट सांग, ‘ए-फोरची द्या.’ नुसती ‘बॉक्स फाईल द्या’ म्हटलंस तर बहुतेक ठिकाणी फुलस्केपची हातात येते आणि कपाटातली तेवढी जागा फुकट जाते. तिघींत एक कपाट असताना ती जागा फार मोलाची आहे.

पाच विषयांच्या वहीचं जे झालं, ते होणारच होतं. त्या वह्या सगळे विषय सारख्या गतीने चालतात असं गृहीत धरून बनवलेल्या असतात. कॉलेजात तसं कधी घडत नाही. एक सर पहिल्या महिन्यात चाळीस पानं लिहून घेतात, दुसऱ्या मॅडम नुसतं बोलतात. शिवाय बांधलेल्या वहीत मध्ये कागद घालता येत नाही. तुझ्या अभ्यासात तर तासाला घेतलेली टिपणं आणि त्याच मुद्द्यावरचं जजमेंट शेजारी शेजारी हवं. म्हणून तुझ्यासाठी सुटे कागद. बी.एस्सी.ची मुलगी असती तर मी जर्नल आणि लाँगबुकच सुचवलं असतं.

सुट्या कागदांची भीती एकच, ते हरवतात. ते हरवतात कारण मुलं एकच फाईल घेतात आणि तीच रोज वागवतात. जाड फाईल बॅगेत जड होते, मग चार दिवसांनी ती खोलीवर राहते आणि कागद पुन्हा पुस्तकांत, ओढणीच्या घडीत, कुठेही. हिशेब करून बघ. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद बरोबर पाच ग्रॅमचा असतो. तीनशे कागद झाले की दीड किलो, वर पुठ्ठ्याच्या फायलीचं आणि लोखंडी क्लिपचं वजन वेगळं. हे घेऊन कोणी पीएमपीच्या बसमध्ये उभं राहू नये.

तेव्हा दोन फायली कर. बॅगेतली अगदी हलकी, प्लास्टिकची बटन फोल्डर. आज मिळालेलं सगळं तिच्यात, कोणत्याही विषयाचं असो. कप्पे नकोत, विचार करायला लावणारं काहीच नको, कारण तास संपल्यावर पुढच्या वर्गाकडे धावताना कोणी कप्पे बघत नाही. सोबत एकरेघी ए-फोर कागदांचं पॅड. आधीच भोकं पाडलेलं मिळतं, तेच माग. आणि खोलीवर कपाटात एक बॉक्स फाईल, ज्यात लोखंडी पट्टी उचलून कागद घालतात ती. ही रचना नवी नाही. जर्मनीत झोएनेकेन यांनी १८८६ मध्ये कागदाला भोकं पाडणाऱ्या पंचचं पेटंट घेतलं आणि लाइट्स यांनी १८९६ मध्ये अशी पट्टी उचलायची, तरफेची फाईल काढली; त्यानंतर सव्वाशे वर्षांत ऑफिसांना याहून सोयीचं काही सापडलेलं नाही. रिंग बाइंडर दिसायला छान असतो, पण हलक्या बनावटीच्या बाइंडरच्या रिंगा महिन्याभरात नीट मिटेनाशा होतात आणि त्या फटीत कागद अडकून भोकं फाटतात. तुझ्या बजेटमध्ये चांगला बाइंडर बसणार नाही, चांगली बॉक्स फाईल बसेल.

बॉक्स फाईलमध्ये चार विषयांसाठी चार रंगीत सेपरेटर. बॅगेतून बॉक्समध्ये कागद रोज संध्याकाळी गेले तर उत्तम, नाहीतर बुधवार आणि रविवार हे दोन वार बांधून घे. मात्र प्रत्येक कागदावर, झेरॉक्सवरसुद्धा, हातात पडताक्षणी उजव्या कोपऱ्यात लिही : ‘करार, ५ ऑगस्ट, पान २’. विषय, तारीख, पान. एवढं लिहिलेला कागद जमिनीवर विखुरला तरी परत जागेवर जातो. न लिहिलेल्या कागदाला कितीही महागडी फाईल उपयोगी नाही. पावसाळ्यात हे बॉलपेनने लिही. जेलपेनची शाई पाण्याने पसरते, आणि वाहून जाते ती पहिल्यांदा तारीखच, कारण ती कडेला असते.

आता पंच. मुलं फाईलवर दीडशे रुपये घालतात आणि पंच मात्र मिळेल तो उचलतात. पंच हातात घेऊन बघ : मध्यभागी बाणाची किंवा रेघेची खूण आहे का, आणि बाजूला मापाची पट्टी बाहेर सरकते का. दोन भोकांमधलं अंतर आपल्याकडे बहुतेक पंचांत ८ सेंटिमीटरच असतं, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीच्या पंचने पाडलेला कागदही तुझ्या फाईलमध्ये बसतो. घोळ होतो तो कागद वर-खाली सरकल्याने. पट्टी नसेल तर कागद आडवा अर्ध्यात हलकेच दुमडायचा, फक्त कडेला चिमटा काढून घडीची खूण करायची, पूर्ण घडी घालायची नाही, आणि ती खूण बाणासमोर आणून दाबायचं. एका वेळी आठ-दहा कागदांच्या वर नको. जास्त घातले की खालच्या कागदांची भोकं अर्धवट कापली जातात आणि तिथूनच ते फाटायला लागतात. जजमेंटची झेरॉक्स काढतानाच झेरॉक्सवाल्याला सांग की डावीकडे दोन बोटं जागा सोडा. कडेपर्यंत छापलेलं जजमेंट पंच केलं की ओळींचे पहिले शब्द भोकांत जातात.

सीनियरच्या नोट्सबद्दल तू नुसता उल्लेख केलास, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. १ जुलै २०२४ पासून १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८मध्ये आहे. जुन्या नोट्स फेकू नकोस. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागतं आणि जजमेंटं तर बहुतेक जुन्या कलमांवरचीच आहेत. पण त्या तुझ्या कागदांत मिसळू नकोस. वेगळ्या कोब्रा फायलीत, म्हणजे आत क्लिप असलेल्या साध्या पुठ्ठ्याच्या फायलीत, ठेव आणि वर मोठ्या अक्षरांत ‘जुनी कलमं’ लिही. करार कायदा १८७२चाच आहे, तिथलं मूळ विवेचन बिनधास्त वापर. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन कायद्यांची कलमं एकाच गठ्ठ्यात असणं ही थट्टेची गोष्ट नाही.

टॅब असेल त्याने जरूर वापरावा, शोधायला फार सोयीचा. पण पाचशे रुपयांत तो प्रश्नच उरत नाही, आणि तुझी विद्यापीठाची परीक्षा हाताने लिहायची आहे. हाताला रोज कागदाची सवय राहिलेली चांगली. महत्त्वाच्या टिपणांचे फोनने फोटो काढून विषयवार ठेवलेस की पुरे.

बॉक्स फाईल, पंच, बटन फोल्डर, पॅड, सेपरेटर आणि एक कोब्रा फाईल. चौकात दोन-तीन दुकानं फिरलीस तर हे सगळं पाचशेत बसतं. थोडे कमी पडले तर सेपरेटर घेऊ नकोस, जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून भोकं पाड, तेही तितकेच टिकतात. सत्र संपलं की बॉक्समधला एकेक विषय काढायचा, खाली-वर पुठ्ठा लावायचा, भोकांतून लेस ओवून गाठ मारायची आणि गठ्ठ्याच्या कडेवर विषय आणि वर्ष लिहायचं. बॉक्स पुढच्या सत्राला मोकळी. सहा सत्रांना एकच बॉक्स पुरते. आणि त्या स्पायरल वहीचे कोरे दोन भाग वाया घालवू नकोस, पानं फाडून त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडव.

प्रश्न : ताई, मुलाने बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. त्याची गुणपत्रकं, दाखले लॅमिनेट करून ठेवावेत का? आम्ही रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात सगळंच ओलं होतं. पिनांचे डाग पडलेत, कडा पिवळ्या झाल्यात.

उत्तर : मूळ कागद लॅमिनेट करू नका, कितीही मोह झाला तरी. गरम होऊन चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, निघालं तर छपाईसकट निघतं. त्यावर शिक्का बसत नाही. पुढे मुलगा परदेशी शिकायला निघाला तर साक्षांकनासाठी असे कागद अनेकदा परत पाठवतात. झेरॉक्स हवी तर लॅमिनेट करा.

त्याऐवजी वीस पॉकेटांचं डिस्प्ले फोल्डर घ्या. पॉकेटवर ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक) लिहिलेलं बघा. मऊ, चकचकीत आणि उघडल्यावर उग्र वास मारणारं प्लास्टिक नको. त्याला काही महिन्यांत झेरॉक्सची काळी छपाई चिकटते आणि कागद ओढला की अक्षरं प्लास्टिकवर राहतात. घालण्याआधी सगळ्या टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड काढा. कोकणातल्या हवेत पिना एका पावसात गंजतात, आणि रबर वितळून कागदाला असं चिकटतं की खरवडताना कागदच फाटतो. एका पॉकेटात एकच कागद. पहिल्या पॉकेटात यादी : दहावी, बारावी, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचं आणि वैधतेचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. मूळ कागद बाहेर गेला की त्या यादीत तारीख आणि कुठे दिला ते लिहा. प्रवेशाच्या धावपळीत ‘कॉलेजात जमा आहे की घरी आहे’ यावरून किती आईवडील घामाघूम होतात, ते मी काउंटरवरून पाहते.

फीची पावती गुळगुळीत कागदावर मशीनमधून आलेली असेल तर त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. त्या कागदावरची छपाई आपोआप उडते, प्लास्टिकमध्ये ठेवली तर आणखी लवकर.

फोल्डर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. औषधांच्या बाटल्यांत निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की पॉकेटं उघडून तासभर सावलीत ठेवा, उन्हात नको. मुलाच्या नावाचं डिजिलॉकरही उघडा, राज्य मंडळाची गुणपत्रकं तिथे मिळतात. तरी मूळ कागद मागणारी ठिकाणं अजून आहेत, तेव्हा दोन्ही हवं.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा डावखुरा आहे. स्पायरल वहीत लिहिताना तारेवर हात अडतो, अक्षर बिघडतं, मग वही अर्धवट टाकून देतो. हातावर शाईही लागते. शाळेने स्पायरल वही चालेल असं म्हटलं आहे, सक्ती नाही. (अकोला)

उत्तर : मग स्पायरल बंदच करा. त्याला शिवलेली वही द्या, ती सपाट उघडते आणि हाताखाली काही येत नाही. घरच्या सरावासाठी वरच्या बाजूला बांधलेलं पॅड घ्या, तार डोक्याकडे गेली की डावा-उजवा फरकच राहत नाही. जुन्या स्पायरल वह्या उरल्या असतील तर उलट्या धरायला सांगा, शेवटचं पान पहिलं. तार उजवीकडे जाते आणि प्रत्येक कागदाची तीच एक बाजू वापरायची. शाईसाठी जेलपेन काढून घ्या आणि बारीक टोकाचं बॉलपेन द्या. डावा हात लिहिलेल्यावरूनच पुढे जातो, त्यामुळे लगेच वाळणारी शाई हवी. दुकानात पेन घेताना मुलाला सोबत न्या. काउंटरवरच्या कागदावर त्याला एक पूर्ण ओळ लिहू द्या आणि लगेच हात फिरवून पाहू द्या.