खारींचा आवाज काढायचा कसा?

प्रश्न : गॅदरिंगसाठी खारींच्या आवाजातलं एक गमतीचं गाणं बसवतो आहोत. मोबाइलवर पिच वाढवली, तर आवाज नुसता किनरा येतो. काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बरीच अ‍ॅप्स सूर चढवतात, पण तोंडाची घुमण मूळचीच ठेवतात. म्हणून माणूसच वर गातोय असं वाटतं. घुमणसुद्धा चढायला हवी, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे वेगच बदलणं. अमेरिकेत रॉस बागडासारियन यांनी १९५८ साली टेपरेकॉर्डरवर हेच केलं : निम्म्या वेगावर गायचं, दुप्पट वेगाने वाजवायचं. 'द चिपमंक साँग'मधल्या तिन्ही खारी त्यांच्याच आवाजातल्या.

साथीचा ट्रॅक १२० बीपीएमचा (म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचा) असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वेग निम्मा करा. 'चेंज टेंपो' वापरू नका, त्यात सूर जागेवरच राहतो. आता ट्रॅक ६० वर येईल आणि एक सप्तक उतरेल, पट्टी तीच. हेडफोन लावून त्यावर गा, मग फक्त गाणं दुप्पट वेगाचं करून मूळ ट्रॅकवर ठेवा.

मुलं गाणार असतील तर एवढं खाली त्यांना जमत नाही. ती वरच्या सप्तकात गातात आणि शेवटी डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. त्यांच्यासाठी ट्रॅक ८० वर आणा आणि नंतर गाणं दीडपट करा. 'सा' लावला की 'प' ऐकू येईल, पण ट्रॅकही तितकाच उतरलेला असल्याने बेसूर होणार नाही.

आवाजात कंप नको. सेकंदाला सहाचे बारा झाले की शेळी ओरडते. शब्द मात्र जरा जास्तच ठासून म्हणा. दुप्पट वेगात जोडाक्षरं गिळली जातात. चार सेकंदांच्या ओळीला आठ सेकंदांचा दम लागतो, तेव्हा श्वासाच्या जागा आधीच ठरवा. आणि तीन खारींसाठी एकच टेक तीनदा चिकटवू नका, त्याने नुसता आवाज मोठा होतो. तीनदा वेगळं गा.

प्रश्न : अशी गाणी एकदम गाजतात आणि तितक्याच लवकर विसरली जातात. असं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : युक्ती एकदाच चकित करते. १९६६ साली 'नेपोलियन चौदावा' या नावाने निघालेल्या एका गाण्यात ताल तोच ठेवून आवाज चढत जातो. कमालीचं काम! बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण त्या नावाला तसं यश पुन्हा मिळालं नाही. चिपमंक टिकले, कारण त्यांना नावं होती, स्वभाव होते. (ही नावं लिबर्टी रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीतल्या तिघांवरून घेतलेली, त्यातले ध्वनिमुद्रक टेड कीप यांना 'द चिपमंक साँग'साठी पहिल्याच ग्रॅमीत पुरस्कार मिळाला.) शिवाय गाण्यातला डेव्ह हा माणूस साध्या आवाजात अ‍ॅल्विन या खारीवर खेकसतो, म्हणून तर खारींचा आवाज चिमुकला वाटतो. सांगलीकरांनीही डेव्हसारखे एक गुरुजी मूळ वेगातच ठेवावेत.