हंगामाआधी वेबसाइट: तीन कोटेशनांतून कोणतं घ्यावं?

देवगडच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायला वेबसाइट हवी आहे, जानेवारी सुरू झालाय आणि हातात तीन कोटेशनं आहेत. ओळखीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी २५ हजारांत पंधरा दिवसांत देतो म्हणतो, एकट्याने कामं घेणारी अनुभवी डेव्हलपर ९० हजार आणि सहा आठवडे सांगते, पुण्याची एक कंपनी साडेतीन लाख आणि तीन महिने.

दादा, कंपनीचं कोटेशन बाजूला ठेवा. काम वाईट करतील असं नाही, पण तीन महिन्यांनी एप्रिल उजाडेल आणि पहिल्या पेट्यांचा चढा भाव तोवर उतरलेला असेल. 'जास्त पैसे देतो, लवकर करा' असं म्हणूनही फार फरक पडत नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड कामाचा अनुभव घेतलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. नव्या माणसाला सगळं समजावण्यात जुन्याचेच दिवस जातात.

विद्यार्थ्याबद्दल मला आदर आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्याची परीक्षा असणार. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात साइट बंद पडली तर त्याने पेपर सोडून यावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

म्हणजे ९० हजारांचं कोटेशन उरलं. तिथे दरावर घासाघीस करू नका, कामाची यादी कापा. तुमच्या यादीत गिऱ्हाइकाचं लॉगिन, अभिप्राय, पॉइंट, व्यापाऱ्यांसाठी वेगळं पान, मोबाइल ॲप असं बरंच काही आहे. पहिल्या हंगामाला यातलं काहीही लागत नाही. किती डझनाची पेटी, पिनकोड आणि पत्ता, कोणत्या आठवड्यात हवी, पैसे भरणं आणि दोघांनाही पोच मिळणं, एवढं पुरे. बाकीचं दिवाळीनंतर बघा. ही छोटी यादी घेऊन पुन्हा भाव विचारा आणि वूकॉमर्ससारखं ऑनलाइन दुकानाचं तयार साधन वापरून होईल का तेही विचारा. खर्च आणि आठवडे दोन्ही उतरतील आणि तुमचं काही अडणारही नाही, कारण रोजची कटकट ऑर्डर टिपण्याची आणि पैसे जुळवण्याची आहे, आणि ती या छोट्या यादीतच सुटते.

आता दर्जा. जुन्या कामांची देखणी पानं बघून तो कळत नाही. मी असतो तर एकच प्रश्न विचारला असता: दादरच्या एका बाईंनी दोन पेट्या निवडल्या, यूपीआयचं ॲप उघडून पैसे भरले, तेवढ्यात फोन वाजला आणि त्या तुमच्या पानावर परतल्याच नाहीत. त्यांच्या खात्यातून पैसे गेले. तुमच्याकडे ऑर्डर दिसेल का? कच्चं काम असेल तर दिसणार नाही, कारण 'पैसे मिळाले' ही बातमी गिऱ्हाइकाचा ब्राउझर परत आला तरच पोचते. नीट काम करणारी व्यक्ती लगेच सांगेल की पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्याला देणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर आपल्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि तोच निरोप दोनदा आला तरी ऑर्डर एकच धरली जाईल अशी तजवीज करावी लागते. त्याच दमात विचारा की शेवटची पेटी दोघांनी एकाच वेळी घेतली तर काय. उत्तरात 'तसं सहसा होत नाही' असं आलं तर काम देऊ नका. हंगामात हे होतंच.

पसंती झाली तरी सगळं काम एकदम सोपवू नका. फक्त ऑर्डरचं पान आणि चाचणीचं पेमेंट एवढा तुकडा करून घ्या, त्याचे पैसे चोख द्या. फोन उचलला जातो का, न कळलेलं विचारलं जातं का, हे त्या आठवड्यात समजतं. पुढचे पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता साइटवर खऱ्या ऑर्डरी नीट चालल्यावर.

आणि हे कृपा करून टाळू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेला कोड साधारणपणे त्याच्याच मालकीचा राहतो, पैसे तुम्ही दिले असले तरी. हक्क तुमच्याकडे येण्यासाठी लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) तुमच्या ईमेलने, तुमच्या पैशाने घ्या. डेव्हलपरच्या खात्यावर डोमेन राहिलं आणि पुढे बिनसलं, म्हणून वर्षानुवर्षं ग्राहकांना पाठ असलेला पत्ता गमावलेले धंदे मी पाहिलेत.

वाचलेल्या पैशातून एप्रिल-मेच्या देखभालीची रक्कम आत्ताच ठरवून टाका: बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस कामाला लागेल, रविवारी कोण बघेल, हे करारात असू द्या.

पेमेंट गेटवेचा अर्ज मात्र डेव्हलपरची वाट न बघता या आठवड्यात सुरू करा. पॅन, बँक खातं, व्यवसायाचा पुरावा लागतो, आणि साइटवर संपर्काचं आणि पैसे परत करण्याच्या नियमांचं पान आहे का तेही ते तपासतात. खराब निघालेल्या आंब्याचे पैसे कसे आणि किती दिवसांत परत द्याल, तो मजकूर तुम्हालाच लिहावा लागणार आहे. तेवढा आज रात्री लिहायला घ्या.